थंडी कुणाच्या हाताची? बदलापूरची पहाट, दुचाकी आणि एक संशोधनप्रश्न

पीएचडीची तयारी करणारी मंडळी हमखास एक प्रश्न विचारतात: "विषय शोधायचा कसा?" याला सरळ उत्तर देण्यापेक्षा एखादा लहानसा प्रश्न घेऊन तो कुठवर जातो ते दाखवलेलं बरं. आजचा प्रश्न असा आहे: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे दुचाकी चालवणारी माणसं आपले हात गरम कसे ठेवत आली?

"हा काय इतिहासाचा विषय झाला?" असं तुमच्या मनात आलं असेल. मुलाखतीच्या पॅनेललाही तसंच वाटेल. त्यामुळे त्याचं उत्तर आधीच तयार हवं. पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन लावून निघालेला माणूस, पहिल्या पाळीला एमआयडीसीत पोचणारा कामगार, रात्रपाळी संपवून काटई रस्त्याने घरी येणारा सुरक्षारक्षक, पेपरचे गठ्ठे टाकणारा मुलगा, हे सगळे रोज एक गोष्ट अनुभवतात जिची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. बोटं बधिर होतात, आणि ब्रेक-क्लच तर त्याच बोटांनी दाबायचे असतात. रोज घडणारी, जिवाशी संबंध असलेली, तरी नोंद नसलेली गोष्ट! इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं आमंत्रण कुठलं?

थर्मामीटर काय सांगतो

पहिली पायरी साहजिकच हवामानाची. बदलापूर मुंबईपेक्षा थंड असतं हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. कारणंही सोपी आहेत. समुद्र लांब, त्यामुळे रात्री हवा उबदार ठेवणारं मोठं पाणी जवळ नाही. एका बाजूला मलंगगडाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला माथेरानची रांग, मधून उल्हास नदी. आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्री पटापट उष्णता सोडते आणि गार, जड हवा खोलगट भागात साचते. वर उत्तरेकडून, ईशान्येकडून येणारे कोरडे वारे. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत "बदलापूर गारठलं" अशी बातमी येते, त्यामागे हे भूगोलाचं गणित आहे.

आता ती बातमी पुरावा म्हणून वापरायची म्हटली तर थांबायला हवं. मुंबईचा सर्वांत थंड दिवस म्हणून जो आकडा सांगितला जातो तो २२ जानेवारी १९६२ चा आहे, ७.४ अंश सेल्सिअस, नोंद सांताक्रूझची. हा आकडा सरकारी वेधशाळेतला. बदलापूरचे बातम्यांतले आकडे बहुतेक वेळा हौशी निरीक्षकांच्या खासगी केंद्रांवरून आलेले असतात. म्हणून ते खोटे ठरत नाहीत. पण यंत्र कुठे बसवलं आहे, जमिनीपासून किती उंचीवर, गच्चीवर की अंगणात, हे विचारल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. साधनचिकित्सेचा पहिला धडा इथेच मिळतो.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. सरकारी थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, म्हणजे ऊन थेट लागत नाही आणि फक्त हवेचं तापमान कळतं. ही पेटी एका जागी उभी असते. दुधवाल्याचा हात उभा नसतो, तो ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने हवा कापत जातो. दोघांभोवती हवा एकच, पण हात फार वेगाने उष्णता गमावतो. थर्मामीटरला त्याची कल्पनाच नसते, कारण कोरडी निर्जीव वस्तू हवेच्या तापमानाखाली वाऱ्याने जात नाही. वारा काढून घेतो ती जिवंत शरीराने तयार केलेली ऊब. म्हणजे आपल्याला हवी ती थंडी हवामानाच्या दप्तरात सापडणारच नाही. ते दप्तर चुकीचं नाही, त्याचा प्रश्न वेगळा आहे.

वाऱ्याचा गारठा मोजणारे लोक

वाऱ्याने वाढणारा गारठा मोजायचा पहिला गाजलेला प्रयत्न अंटार्क्टिकात झाला. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकनांनी १९४० च्या सुमारास पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळकांडी उघड्यावर टांगली आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. हे काम १९४५ साली प्रसिद्ध झालं. पुढे अमेरिका आणि कॅनडाने २००१ साली नवं सूत्र स्वीकारलं. त्यासाठी टोरांटोत स्वयंसेवकांना वाऱ्याच्या बोगद्यात चालायला लावून त्यांच्या चेहऱ्यावरून किती उष्णता जाते ते मोजलं होतं.

हे सूत्र वापरून बघा. हवा १० अंशांची धरा. सायकलवर ताशी १५ किलोमीटरचा वारा लागला तर ती साधारण ८ अंशांसारखी वाटते. ताशी ३० ला साधारण साडेसहा. ताशी ५० ला साडेपाचच्या आसपास. आता थांबा आणि हे आकडे प्रबंधात टाकण्याआधी तीन शंका काढा. एक, सूत्र चालत्या माणसाच्या चेहऱ्यासाठी आहे, हँडलवर आवळलेल्या बोटांसाठी नाही. दोन, त्यात वारा दहा मीटर उंचीवर मोजलेला धरतात, जमिनीजवळ तो मंद असतो असं गृहीत धरून. दुचाकीस्वाराला मात्र पूर्ण वारा थेट अंगावर मिळतो, म्हणजे खरा परिणाम याहून थोडा जास्तच. तीन, आणि ही शंका मला सर्वांत बोलकी वाटते: हे सूत्र १० अंश किंवा त्याखालच्या हवेसाठीच केलेलं आहे. बदलापूरच्या बहुतेक थंड पहाटा १० च्या वर असतात. म्हणजे सूत्रानुसार आपल्याकडे वाऱ्याचा गारठा मोजायची गरजच नाही!

भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येतही असंच आहे. सपाट प्रदेशात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० अंश किंवा कमी असावं लागतं. किनारपट्टीच्या केंद्रांसाठी मर्यादा १५ अंशांपर्यंत सैल केली आहे, पण तिथेही तापमान नेहमीपेक्षा बरंच घसरलेलं असलं पाहिजे. या व्याख्या गैर नाहीत, त्या इशारे देण्यासाठी केल्या आहेत. आपण फक्त एवढं टिपून ठेवायचं की १३ अंशांच्या पहाटे पन्नासच्या वेगाने जाणारा उघडा हात कुठल्याच व्याख्येत बसत नाही. ज्याला व्याख्या नाही त्याची मोजणी होत नाही. मोजणी नाही म्हणून दप्तर नाही, आणि दप्तर नाही म्हणून "हा काय विषय झाला?"

याच्या उलट उदाहरण अगदी शेजारी आहे. बदलापूरहून नेरळकडे जाताना वर माथेरान दिसतं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी १८५० साली माथेरानकडे लक्ष वेधलं, आणि तिथला गारवा इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात येत गेला, कारण साहेबांना तो हवा होता. डोंगरावरच्या सुखाच्या थंडीचा इतिहास आहे. खालच्या रस्त्यावरच्या कामाच्या थंडीचा नाही. थंडीची नोंद होते की नाही हे ती कुणाला वाजते त्यावर ठरतं, हा माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे.

मग हात कधीपासून गारठायला लागले?

थंडी वेगाने तयार होते हे मान्य केलं की इतिहासाची दिशा बदलते. मग हवामानाचा इतिहास बाजूला ठेवून रस्त्याचा, गाडीचा आणि पाळीच्या वेळेचा इतिहास शोधायचा.

या पट्ट्यात आधी आली रेल्वे. कल्याणपर्यंत १८५४, पुढे बदलापूरवरून खोपोलीच्या दिशेने १८५६. अंबरनाथला १९२० च्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला, १९५० च्या दशकात ऑर्डनन्स फॅक्टरी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना वसवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना माणसं कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच सांगतात.

या सगळ्या काळात कामाला जाणारा माणूस मुख्यतः पायी, सायकलवर किंवा लोकलने जात होता. पायी चालणाऱ्याचे हात खिशात जातात. सायकलवाल्याला वारा कमी लागतो आणि पायडल मारून अंग तापतं. लोकलच्या गर्दीत तर हाताला थंडी लागायला जागाच नसते. थोडक्यात, थंडी होती, पण हाताची थंडी ही वेगळी तक्रार व्हायला लागणारी परिस्थिती फार थोड्यांच्या वाट्याला येत होती.

मग स्कूटर आली, पण तीही सावकाश. परवाना-कोट्याच्या काळात बजाजची स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची हे मागच्या पिढीला आठवत असेल. १९७२ च्या चेतकचं एक वैशिष्ट्य आपल्या विषयासाठी फार कामाचं आहे. पुढचा पत्रा गुडघ्यांना वारा लागू देत नाही, पण हात त्या पत्र्याच्या वर, उघडेच. शिवाय गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून मूठ फिरवायची. बोटं आखडली की गिअरच पडत नाही, आणि जाड हातमोजा घातला तर मूठ नीट फिरत नाही. हात गरम ठेवायचा की गाडी चालवायची, हा पेच यंत्राच्या रचनेतच होता.

१९८० च्या दशकात सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट मोकळी केली. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली. कमी पेट्रोलमध्ये लांब जाणारी हलकी गाडी पगारदाराच्या आवाक्यात येऊ लागली. पुढे बदलापुरात स्वस्त घरांसाठी माणसं राहायला आली, पण काम मात्र महापे, तळोजा, डोंबिवली, ठाण्यात. जिथे लोकलने वळसा पडतो तिथे दुचाकी सोयीची. आज कल्याण आरटीओच्या एमएच-०५ पाट्यांची रांग खोणी-काटई रस्त्यावर पहाटे दिसते त्यामागे एवढा मोठा इतिहास आहे. तेव्हा माझं गृहीतक असं: या पट्ट्यात हवा किती गार झाली यापेक्षा पहाटेच्या गार हवेत वेगाने जाणारे हात किती वाढले हे जास्त महत्त्वाचं आहे. आणि ते हात नोकरी, घराचे भाव आणि पाळीच्या वेळा यांनी त्या रस्त्यावर आणून ठेवले.

हातमोज्याचा पुरावा वाचताना

आता लोकांनी केलं काय? उपाय सगळ्यांना माहीत असलेलेच आहेत. लोकरीचे हातमोजे. त्यावर दुधाच्या किंवा किराणाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र. टपरीवर थांबून चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरणं. सिग्नलला हात मांडीखाली घेणं. हल्ली ऑनलाइन मिळणारे वाराबंद हातमोजे आणि हँडलवरचे गार्ड. उत्तर भारतात हँडलवर चढवायची आतून लोकरी अस्तराची कव्हरं सर्रास दिसतात, आपल्याकडे क्वचित. युरोपात हीच कल्पना फार जुनी आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या साइडकारवाल्या मोटारसायकलींवर रशियातल्या थंडीसाठी इंजिनाची उष्णता हातापायांपर्यंत पोचवायची सोयही केली गेली.

या उपायांकडे गंमत म्हणून बघू नका, त्यांत ज्ञान आहे. लोकर स्थिर हवा धरून ठेवते म्हणून ऊब देते. वारा आरपार गेला की ती हवाच निघून जाते, म्हणून धावत्या गाडीवर नुसती लोकर हरते. वरची प्लॅस्टिकची पिशवी वारा अडवते आणि तीच लोकर पुन्हा कामाला लागते. छातीवरचा पेपर तर त्याहून हुशार. बोटांत ऊब तयार करणारे मोठे स्नायू नाहीत, बोटं हलवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात. बोटांची ऊब रक्तावर चालते, आणि धड गार पडू लागलं की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा आवरतं. छाती गरम ठेवली की बोटांना रक्त मिळत राहतं. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामातली सफाई जाते हे प्रयोगांनी दाखवलं आहे. पेपर टाकणाऱ्या मुलाने प्रयोग वाचले नव्हते, पण उपाय त्याच्या गठ्ठ्यातच होता.

इथे एक सापळा आहे. समजा तुम्हाला एखादा जुना फोटो सापडला, स्कूटरवर बाई, हातात कोपरापर्यंत हातमोजे. लगेच "थंडीचा पुरावा" म्हणून लिहू नका. आपल्याकडे पातळ सुती हातमोजे बहुतांश उन्हासाठी आणि धुळीसाठी घालतात, एप्रिलमध्ये जास्त. वस्तू दिसते, हेतू दिसत नाही. फोटोचा महिना, सावलीची लांबी, मागच्या माणसाचे कपडे, हे सगळं बघितल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

दुसरा सापळा नावाचा. बदलापूरला घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं सगळीकडे सांगितलं जातं. घोडेस्वारापासून मोटारसायकलस्वारापर्यंत अशी झकास सुरुवात करायचा मोह होईल. करू नका. नावाची गोष्ट लोकस्मृती म्हणून मोलाची आहे, पण तिच्यावर प्रकरण उभं करायचं तर स्वतंत्र पुरावा लागतो.

हात दप्तरात कसा येतो

कुणी म्हणेल, बधिर बोटांचा इतिहास लिहिताच येत नाही. येतो. अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या दगडफोड्यांचे हात तपासले. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या या माणसांची बोटं गार सकाळी पांढरी पडत, बधिर होत. उबेत आल्यावर हात पुन्हा नेहमीसारखे दिसत, त्यामुळे दवाखान्यात काहीच सापडलं नसतं. त्यांनी काम चालतं तिथे, थंडीच्या दिवसांत जाऊन पाहिलं. त्यानंतर ती तक्रार "सवयीची कुरबूर" राहिली नाही, कामामुळे होणारा त्रास म्हणून तिची नोंद झाली.

आपल्याकडच्या अपघाताच्या नोंदीत अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने गाडी चालवणं अशी कारणं असतात. "बोटं बधिर होती, ब्रेक उशिरा लागला" असा रकाना नसतो. तसं किती वेळा घडतं हे म्हणूनच आकड्यात सांगता येत नाही. पण रकाना नसणं म्हणजे घटना नसणं नव्हे, एवढं तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हटलंच पाहिजे.

तुम्ही हे काम करायचं ठरवलंत तर

साधनं अशी लावा. पार्श्वभूमीसाठी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर: हवामान, रस्ते, गावं सगळं आहे, मात्र ते प्रशासनाच्या नजरेने लिहिलेलं आहे हे विसरू नका. वाहनांसाठी आरटीओच्या नोंदी. वेळेसाठी कारखान्यांच्या पाळ्या आणि दूधपुरवठ्याच्या वेळा. वस्तूंसाठी उल्हासनगरचा बाजार: कुठले हातमोजे, कुठल्या महिन्यात, कुणासाठी मागवतात. आणि मुख्य साधन म्हणजे मुलाखती.

मुलाखतीत "थंडी वाजायची का?" असं विचारू नका. "हो" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: "काका, घरातून किती वाजता निघायचात? हाताला काय घालायचात? ते कुठून घेतलंत? पहिल्यांदा कुठे थांबायचात? गिअर पडला नाही असं कधी झालं का?" स्मृती वस्तूंना आणि जागांना चिकटलेली असते. शक्यतो डिसेंबर-जानेवारीत, सकाळीच भेटा, मेमध्ये भर दुपारी थंडीच्या गोष्टी नीट आठवत नाहीत. आधी परवानगी घ्या, नाव बदलायचं तर बदला, आणि माणूस कामाच्या घाईत असेल तर त्याला अडवू नका.

शेवटी, गृहीतक मोडायची सोय आधीच करून ठेवा. १९६० च्या दशकात सायकलने कामाला जाणाऱ्यांनीही बोटं बधिर होण्याची तितकीच तक्रार सांगितली, तर वेगावर रचलेलं माझं म्हणणं कोसळतं. तेव्हा पहिली मुलाखत सर्वांत तरुण डिलिव्हरीवाल्याची घेऊ नका. अंबरनाथच्या कारखान्यात सायकलने जाणारा सर्वांत वयस्कर माणूस शोधा आणि त्याच्यापासून सुरुवात करा. त्याची साक्ष पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबेलच असं नाही.